इनडिझाइनमध्ये मराठी मजकुराच्या दुरुस्त्या लावताना या चुका टाळा

मुद्रितशोधकाकडून प्रूफ परत येतं, समासात लाल शाईच्या खुणा. आपण दुरुस्त्या लावतो, दुसरं प्रूफ काढतो. जुन्या चुका गेलेल्या असतात, पण पाच-सात नव्या आलेल्या असतात, आणि त्या पहिल्या प्रुफात नव्हत्या म्हणून तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची जुळणी करताना मला सगळ्यात जास्त भीती या दुसऱ्या प्रुफाची वाटते.

चेंज ऑल दाबण्याची घाई

लेखकाने सगळीकडे ‘कि’ लिहिलंय, ते ‘की’ करायचंय. कंट्रोल-एफ, शोधा ‘कि’, बदला ‘की’, चेंज ऑल. क्षणात ‘किती’चं ‘कीती’ होतं, ‘किल्ला’चा ‘कील्ला’. ‘पाणि’चं ‘पाणी’ करायला जावं तर पाणिनीचा ‘पाणीनी’ होतो. मराठीत छोटा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात सहज सापडतो. म्हणून शोधताना ‘कि’च्या आधी आणि नंतर एकेक स्पेस द्या, बदलतानाही तशाच द्या. स्वल्पविरामाला चिकटलेले ‘कि’ यातून सुटतील, ते वेगळे शोधा. चेंज ऑलच्या आधी निदान दहा ठिकाणं फाइंड नेक्स्टने डोळ्यांखालून घाला. सर्च या चौकटीत डॉक्युमेंट आहे की स्टोरी, तेही पाहा. स्टोरी म्हणजे कर्सर आहे तेवढाच सलग मजकूर. ती निवडलेली असेल तर वेगळ्या चौकटींतला मजकूर, फोटोओळी, शीर्षकं तशीच राहतात आणि अर्ध्या अंकात एक लेखन, अर्ध्यात दुसरं, असं छापून येतं.

वऱ्हाडातला ‘ऱ’

‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द दिसायला सारखे आहेत, पण संगणकाच्या लेखी वेगळे आहेत. पहिल्यात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह आहे, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कळफलक बदलला की हे बदलतं. पाच लेखकांचा मजकूर एकत्र केला की दोन्ही प्रकार मिसळतात, आणि एक टाइप करून शोधलं की दुसरा सापडत नाही. ‘नाही सापडला, म्हणजे चूक नाही’ असं समजून आपण पुढे जातो. ‘ॲ’चंही असंच आहे, तोही दोन पद्धतींनी लिहिला जातो.

याहून घातक आहे ती साफसफाई. वेबवरून घेतलेल्या मजकुरात अदृश्य चिन्हं फार येतात म्हणून कुणी ती सरसकट पुसतं. त्याबरोबर हे जोडचिन्हही जातं आणि ‘र’ची रफार होते. वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ झालं तर निदान डोळ्यांना खटकतं. पण ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं तर स्वयंपाक करणारे गुरुजी होतात. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगरात समुद्र येतो. हे शब्द शुद्धच आहेत, त्यामुळे कुठलाही स्पेलचेकर त्यांना पकडणार नाही.

उपाय सोपा आहे, मात्र तो अगदी सुरुवातीला करायला हवा. मजकूर पानांत ओतला की जोडचिन्हाचं ‘र्‍य’ शोधून ‘ऱ्य’ करा, मग ‘र्‍ह’चं ‘ऱ्ह’. शोधायचं अक्षर टाइप करू नका, मजकुरातूनच कॉपी करून शोधपेटीत चिकटवा. बाकीची अदृश्य चिन्हं त्यानंतर काढा.

अक्षरं तुटली म्हणून पुन्हा टाइप करणं

वर्डमधला मजकूर घेतला आणि जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर मजकूर बिघडलेला नसतो. पॅराग्राफ स्टाइलच्या, म्हणजे परिच्छेदाच्या साठवलेल्या मांडणीच्या, जस्टिफिकेशनमध्ये अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर हा देवनागरी अक्षरं नीट जोडणारा पर्याय निवडा. हे माहीत नसताना मी अख्खा लेख पुन्हा टाइप केला होता, आणि त्यात माझ्या चुका भरल्या होत्या.

पीडीएफमधून कॉपी केलेलं मराठी मात्र बऱ्याचदा खरोखरच बिघडलेलं असतं. लेखकाकडे मूळ फाइल मागा.

पानावरच दुरुस्त्या करणं

दोन स्तंभ, मध्ये चित्र, आणि आपण पान मोठं-लहान करत एकेक शब्द शोधतोय. यात वेळ जातो आणि चौकटही चुकून सरकते. कर्सर मजकुरात ठेवून कंट्रोल-वाय दाबा. स्टोरी एडिटर उघडतो, सलग मजकूर एका पट्टीत दिसतो, आणि चौकटीबाहेर गेलेला, पानावर न दिसणारा मजकूरही तिथे वाचता येतो. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर प्रेफरन्सेसमध्ये स्टोरी एडिटरसाठी तोच फॉन्ट निवडा, नाहीतर एबीसीडीचा गुंता दिसेल. अशा फाइलला ऑल कॅप्स कधीही लावू नका. तिथे लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या जागी वेगवेगळी मराठी अक्षरं बसवलेली असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दुरुस्ती कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवा, म्हणजे आजूबाजूच्या मजकुराचंच रूप ती घेते. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं की वरून कुणीतरी हाताने बदल केलेला आहे. ऑल्ट दाबून नावावर क्लिक केलं की तो निघतो, पण हाताने दिलेले तिरके शब्दही सरळ होतात. त्यांना आधी कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे सुट्या शब्दांसाठीची स्टाइल, लावून घ्या.

एक शब्द मावत नाही म्हणून ट्रॅकिंग

ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधली जागा कमी-जास्त करणं. रोमन लिपीत ते थोडं खपून जातं. देवनागरीत वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. जस्टिफिकेशनमधलं लेटर स्पेसिंगही शून्यच ठेवा. शब्दांमधली जागा बदला, किंवा संपादकाला विचारून एखादा शब्द कमी करा. आणि ओळ तोडण्यासाठी मध्येच एंटर मारू नका. पुढच्या दुरुस्तीत मजकूर सरकला की तो एंटर ओळीच्या मधोमध उभा राहतो.

दुसरं प्रूफ काढल्यावर फक्त दुरुस्त केलेला शब्द तपासणं पुरत नाही. त्या शब्दापासून परिच्छेद संपेपर्यंत सगळ्या ओळी वाचा, कारण त्या नव्याने तुटलेल्या असतात. मग त्या पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जोडून वाचा. शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह आलंय का पाहा, आलं असेल तर मजकुराचं शेपूट चौकटीबाहेर राहिलेलं आहे. अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक त्यानंतर तपासा.