गोलकीपरचे पॅड बांधताना या चुका टाळा

मुलीच्या डाव्या गुडघ्यावर, आतल्या बाजूला, निळा डाग दिसला तेव्हा मला वाटलं पक लागला असेल. पक म्हणजे आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती टणक रबराची चकती, वजन दीडशे ग्रॅमच्या वर, लागला की डाग पडणारच. पण पुढच्या आठवड्यात उजव्या गुडघ्यावरही अगदी त्याच जागी तसाच डाग उमटला. पक काही इतका मोजूनमापून लागत नाही. मग एक अख्खा सराव मी रिंकभोवतीच्या काचेला नाक लावून फक्त तिचे गुडघे बघितले. ती खाली बसली की दर वेळी गुडघा पॅडच्या आतल्या उशीवर न पडता तिच्या शेजारी, बर्फावर आदळत होता. पॅड मी बांधले होते.

मी नाशिकला क्लब क्रिकेट खेळलो. पॅड बांधायचे म्हणजे पट्टे आवळायचे, धावताना पॅड पायावर फिरता कामा नये, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला, दहा वर्षांच्या मुलीच्या पायांना हॉकीचे पॅड लावताना मी नेमकं तेच केलं. ओळखीच्या तीन-चार मराठी घरांत आता मुलं हॉकी खेळतात, त्यातला एक मुलगा यंदा गोलमध्ये उभा राहणार आहे. त्याच्या आईने विचारलं म्हणून हे लिहायला घेतलं.

क्रिकेटच्या पॅडसारखे आवळणे

या चुकीला इतिहास आहे. हॉकीचे सुरुवातीचे गोलकीपर क्रिकेटचेच पॅड वापरायचे. १८९६ साली विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा व्हायटी मेरिट स्टॅन्ली कप या हॉकीच्या मोठ्या चषकाच्या सामन्यात ते घालून उतरला होता. पुढे १९२० च्या दशकात आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या हॅमिल्टन गावात एमिल केनेस्की या कारागिराने हॉकीसाठी वेगळे, रुंद पॅड शिवले. घोड्यांचं चामडी सामान बनवणारा हा माणूस, त्यामुळे बाहेरून चामडं आणि मागे चामड्याचेच पट्टे. तेव्हाचे गोलकीपर बहुतेक उभ्यानेच पक अडवायचे. पॅड नडगीसमोर घट्ट बसला की काम भागायचं.

आता खेळ गुडघ्यांवर आला आहे. ग्लेन हॉल या गोलकीपरने हे तंत्र दाखवलं, पॅट्रिक रॉयनंतर जो तो तेच करू लागला. त्याला बटरफ्लाय म्हणतात: दोन्ही गुडघे एकमेकांजवळ बर्फावर, पावलं दोन बाजूंना फाकलेली. घरात करून बघा, म्हणजे सगळं कळेल. तसं बसलं की नडगी जमिनीकडे वळते. आता पॅड नडगीला घट्ट बांधलेला असेल तर पॅडचा दर्शनी भागही जमिनीकडेच वळणार, म्हणजे पक मारणाऱ्याला फक्त त्याची कड दिसणार. हवं आहे उलटं. पाय आतल्या आत वळला पाहिजे आणि पॅड त्याच्याभोवती फिरून बर्फावर आडव्या भिंतीसारखा उभा राहिला पाहिजे, तोंड समोर. मोठ्यांच्या पॅडची रुंदी नियमाप्रमाणे ११ इंचांपर्यंत असते. पॅड नीट फिरला की तेवढ्या उंचीची भिंत मिळते. अर्धवट फिरला तर भिंत कलते, आणि पक तिच्यावरून उडून आत जातो.

पॅडच्या आतल्या कडेला, गुडघ्याशी, जी जाड उशी शिवलेली असते ती याचसाठी. पॅड फिरला तरच ती गुडघ्याखाली येते. नाहीतर गुडघा बर्फावर, आणि सगळा पीळ गुडघ्यात आणि खुब्यात. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत मला हे फार गंभीर वाटतं. गोल काय, होतात.

मग घट्ट काय ठेवायचं? फक्त गुडघ्याजवळचं. गुडघ्याला मागून धरणारा पट्टा आणि त्याखालची, पोटरीच्या वरच्या भागाला गुंडाळायची पट्टी अंगाला चिकटून बसली पाहिजे, कारण पाय वळला की पॅडला फिरवतो तो तिथूनच. तिथून खाली येताना सैल करत यायचं. पोटरीच्या मध्यावरच्या पट्ट्यात दोन बोटं सहज जावीत, घोट्याजवळच्यात त्याहून जास्त. मांडीवरचा पट्टा काही पॅडना असतो, काहींना नसतो. असला तर तो नुसता टेकलेला असावा.

आमची चूक एवढीच होती. पोटरीचे दोन पट्टे तीन-तीन भोकं सैल केले. पुढच्या सरावात मुलगी बाकाशी येऊन म्हणाली, "बाबा, आज पॅड आपोआप वळतोय." डाग दोन आठवड्यांत गेला.

पुढची दोरी: फार आखूड किंवा फार लांब

पॅडचं पुढचं टोक स्केटच्या पुढच्या टोकाला ज्या दोरीने बांधतात तिला इथे टो टाय म्हणतात. पट्ट्यांपेक्षा जास्त घोळ इथे होतो, आणि तो लवकर दिसतही नाही.

साध्या पद्धतीत ती एक लांब लेस असते. पॅडच्या टोकाच्या भोकांतून काढायची, स्केटच्या पात्याचा जो प्लास्टिकचा सांगाडा असतो त्याच्या पुढच्या फटीतून ओवायची, मग मागे नेऊन घोट्याशी गाठ. नवीन पॅडना लेसऐवजी इलॅस्टिकची जाड दोरी येते. ती ताणून हुकात किंवा वेल्क्रोत अडकवायची, पाच सेकंदांत काम होतं.

दोरी आखूड झाली की पॅड पावलाला जखडतो. खाली बसल्यावर पाऊल बाहेर वळायला बघतं आणि पॅड त्याला वळू देत नाही. लक्षणं अशी: मूल उठताना टाच झटकतं. कडेकडे सरकताना पातं बर्फात रुतत नाही, घसरतं. घोटा दुखतो म्हणून सांगतं, आणि आपण दोष देतो नव्या स्केटला. आम्ही स्केट बदलायच्या बेतात होतो.

दोरी फार लांब झाली तर पॅडचं खालचं टोक बुटावर राहत नाही. तो वर चढतो, बाहेर लोंबतो, गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि उठून उभं राहिल्यावर पुढे परतच येत नाही. मुलगी दर वेळी वाकून हाताने पॅड सरळ करत असेल तर आधी ही दोरी बघा. तेवढ्या वेळात दुसरा शॉट आलेला असतो.

माझ्या मुलीला स्केटचं टोक आणि पॅड यांत दोन-अडीच बोटांची फट मानवली. तिच्या मैत्रिणीला चार बोटं लागतात. हे खुब्याच्या लवचिकतेवर आणि बसायच्या ढबीवर ठरतं, म्हणून दुसऱ्याचं माप उचलू नका. एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या आवडत्या गोलकीपरचा फोटो बघून तर मुळीच नाही. काही जण जवळजवळ सगळे पट्टे काढून टाकतात, पण त्यांचे खुबे वर्षानुवर्षांच्या व्यायामाने तयार झालेले असतात.

घोट्याजवळचा पट्टा पात्याखालून नेणे

हा पट्टा टाचेच्या मागून किंवा पात्याच्या सांगाड्यातल्या मोकळ्या जागेतून जातो. धारेखालून कधीच नाही. तिथून गेला तर पहिल्याच सरावात कापला जातो, आणि मुलाचा तोल जातो तो वेगळाच. टो टाय नीट असेल तर बरेच प्रशिक्षक हा पट्टा काढूनच टाकायला सांगतात. आम्ही ठेवलाय, पण ढिला.

डावा-उजवा

बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला येतात. आत आली असतील तर पॅडची अदलाबदल झालीये. सकाळी सहाच्या सरावाला अर्धवट झोपेत हे होतं.

मागच्या मुलाच्या मापावर खेळणे

या वयात गोलकीपरचं सामान बहुतेकदा क्लबच वर्षभरासाठी देतो. मोठी सोय आहे, नवे पॅड फार महाग. पण त्यांचे पट्टे गेल्या वर्षीच्या मुलाच्या पायाला लावलेले असतात, आणि आपण ते तसेच भोकात भोक घालून वापरतो. सामान घरी आलं की सगळे पट्टे मोकळे करा आणि नव्याने लावा. बकलांचे स्क्रू हलतात का ते बघा, पुढची दोरी कुठे झिजली आहे का ते बोट फिरवून बघा.

वाढत्या अंगाचे पॅड घेणे

शाळेचा गणवेश एक माप मोठा घ्यायची आपली रीत. पॅडच्या बाबतीत ती चालत नाही, कारण गुडघा गुडघ्याच्याच जागी यावा लागतो. पॅड मोठा असेल तर गुडघा पॅडमधल्या त्याच्या खोबणीच्या खाली राहतो, उशी मांडीकडे जाते, आणि मग पट्टे कसेही बांधा, ते जमत नाही. माप घ्यायचं ते घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, आणि दुकानात स्केट घालूनच पॅड लावून बघायचे. २८+१ असं लिहिलेलं दिसतं त्यात पहिला आकडा मूळ मापाचा, इंचांत, आणि अधिक एक म्हणजे गुडघ्याच्या वर मांडीकडे वाढवलेला इंच. वाढीसाठी सवड हवीच असेल तर या दुसऱ्या आकड्यात घ्या, पहिल्यात नको.

बांधायची पद्धत आणि घरची चाचणी

पॅड तोंड खाली करून जमिनीवर ठेवा, मुलाला त्यावर गुडघे टेकवायला सांगा. आधी पुढची दोरी, मग घोटा, मग वर. खुर्चीवर बसून वरून सुरुवात केली की गुडघा खोबणीबाहेर राहतो आणि ते उभं राहीपर्यंत कळत नाही. नी गार्ड घालूनच बांधा. त्याची जाडी धरली नाही तर घरी बरोबर असलेला पट्टा रिंकवर आवळ होतो.

मग पात्यांवर प्लास्टिकची कव्हरं चढवून, जाड सतरंजीवर मुलाला खाली बसायला सांगा. समोर फोन जमिनीलगत ठेवा आणि व्हिडिओ घ्या. तीनच गोष्टी बघायच्या: गुडघा उशीवर पडला का, पॅडचं तोंड सरळ समोर आलं का, उठल्यावर पॅड परत नडगीसमोर आला का. पहिल्या दोन्हींत गडबड असेल तर पोटरी आणि घोटा सैल करा, पुढची दोरी किंचित वाढवा. तिसरं होत नसेल, म्हणजे पॅड फिरून तिथेच राहत असेल, तर गुडघ्याजवळची पट्टी घट्ट करा आणि दोरी किंचित आखडा.

एका वेळी यांतला एकच बदल. दोन केले की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी. प्रत्येक बदलाला किमान एक अख्खा सराव द्या, आणि जमलेलं भोक मार्करने रंगवून ठेवा. मॅचच्या दिवशी पट्ट्यांना हात लावायचा नाही, मूल कितीही म्हणालं तरी.

चामडं, क्लिप की वेल्क्रो?

चामड्याचे पट्टे टिकतात, भोकं मोजता येतात, म्हणून माप पक्कं राहतं. पण ओले झाले की ताणतात. हीटरवर वाळवले तर कडक होऊन तडकतात. सावलीत, पंख्याखाली ठेवावेत, आणि हंगामाच्या मध्यावर एकदा मापं परत तपासावीत. क्लिपचे नायलॉनचे पट्टे लहान मुलांना स्वतः लावता येतात, हा मोठा गुण, कारण थोड्याच वर्षांत ड्रेसिंग रूममध्ये आपण नसतो. मात्र ते खेळता खेळता हळूहळू घसरून सैल होतात, तेव्हा माप जमलं की उरलेलं टोक दुमडून टेप मारा. वेल्क्रो सगळ्यात सोपं. त्यात बर्फाचा चुरा आणि लोकरीचे धागे भरले की पकड जाते, म्हणून जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला साफ करते आमची मुलगीच. दहा वर्षांच्या मुलासाठी माझं मत विचाराल तर गुडघ्याला वेल्क्रो, पोटरीला क्लिप, पुढे इलॅस्टिक.

इलॅस्टिकचं एकच ध्यानात ठेवा: ते तुटत नाही, मरतं. ताणून सोडल्यावर पूर्ण आखडत नसेल तर ते लेसपेक्षाही वाईट, कारण पहिल्या डावात एक माप आणि तिसऱ्यात दुसरं. आम्ही किट बॅगच्या बाजूच्या कप्प्यात दोन जुन्या स्केट लेस ठेवतो, पुढच्या दोरीच्या मापाला कापून, टोकं मेणबत्तीवर जाळून. सोबत एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. गाठ कशी मारायची ते मुलीला घरीच, डोळे मिटून, दहा वेळा करायला लावलं आहे.