व्हिसाचा फोटो अडला तेव्हा

सुट्टीत ठाण्याला आलोच होतो, म्हणून एच-वन-बीचं, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचं, स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसा लावून घेणं) मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून उरकायचं ठरवलं. आय-७९७ (मंजुरीची नोटीस), पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, सगळं तयार. घोडं अडलं ते डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना, तेही फोटोवर.

नौपाड्यातल्या स्टुडिओवाल्या काकांनी नेहमीचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो दिला. वर चेहरा इतका गोरा नि गुळगुळीत केला की आईच म्हणाली, "हा कोण रे?" फॉर्मने तो घेतलाच नाही. अमेरिकेला चौकोनी फोटो लागतो, २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या ६ महिन्यांतला, आणि टचिंग अजिबात चालत नाही. चष्मा तर २०१६ पासूनच बंद.

परत गेलो. "काका, कॅमेऱ्यातली मूळ फाइलच द्या."
"अहो, कपाळावरचा डाग दिसतोय!"
दिसू दे. व्हिसा काही स्थळ नाही.

घरी फोटो चौकोनी कापला: ६०० बाय ६०० पिक्सेल, जेपेग, २४० केबीच्या आत. हनुवटीपासून माथ्यापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के बसवला. लगेच अपलोड झाला.

एक मात्र आधीच करा. साधारण २० मिनिटं हात लावला नाही की फॉर्म बाहेर फेकतो, तेव्हा अर्ज क्रमांक सुरुवातीलाच लिहून ठेवा. तो, आडनावाची पहिली ५ अक्षरं, जन्मसाल आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर दिलं की सेव्ह केलेला अर्धा फॉर्म परत उघडतो.