विल्यम मार्शलचं चरित्र आणि घराणं लिहिताना या चुका टाळा

पेम्ब्रोकचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) विल्यम मार्शल १४ मे १२१९ रोजी रेडिंगजवळच्या कॅव्हरशमला वारला. बापाचा चौथा मुलगा, वाट्याला जमीन नाही, आणि अखेरची अडीच वर्षं नऊ वर्षांच्या राजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने इंग्लंडचा सगळा कारभार हातात. माणूस लिहिण्यासारखा आहेच. पण त्याच्यावरचे लेख आणि वंशावळी चाळल्या की त्याच त्या चुका समोर येतात, कारण बहुतेक जण आधीच्या लेखावरून लिहितात आणि तो लेख आणखी कुणावरून तरी लिहिलेला असतो. खाली चुका महत्त्वाप्रमाणे घेतल्या आहेत. पहिली टाळली नाही तर बाकीच्या टाळून फारसा उपयोग नाही.

दोन इझाबेल एक करणं

मार्शलची बायको इझाबेल द क्लेअर. त्याच्या मुलीची मुलगीही इझाबेल द क्लेअर. वंशावळ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला नाव तेच दिसतं, ते ‘ही एकच व्यक्ती असावी’ असं सुचवतं आणि घाईतला माणूस ‘हो’ दाबतो.

मग काय होतं ते क्रमाने पाहा. बायको इझाबेल ही ‘स्ट्राँगबो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड द क्लेअरची आणि आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरोची मुलगी आयफा हिची लेक. तिचं लग्न ऑगस्ट ११८९ मध्ये झालं, तेव्हा ती साधारण सतरा वर्षांची होती. ती १२२० मध्ये वारली. नात इझाबेल १२२६ मध्ये जन्मली. तिचा बाप ग्लॉस्टर आणि हर्टफर्डचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर, आणि तिचं लग्न १२४० मध्ये अ‍ॅनन्डेलच्या रॉबर्ट ब्रूसशी झालं. दोघी एक केल्या की एकाच बाईला दोन बाप होतात, मार्शल स्वतःच्या बायकोचा आजोबा ठरतो, आणि १२२० मध्ये मेलेली बाई वीस वर्षांनी पुन्हा लग्न करते. ही विसंगती दिसल्यावर पुढचा माणूस मूळ जोड सोडवत नाही. तो मृत्यूचं साल पुसतो. तिसरा ब्रूसला मार्शलच्या विधवेचा दुसरा नवरा म्हणून नोंदवतो. तिथून स्कॉटलंडचा राजा पहिला रॉबर्ट हा मार्शलच्या बायकोचा नातू बनतो. खरा क्रम असा: मार्शल, त्याची मुलगी इझाबेल, तिची मुलगी इझाबेल, तिचा मुलगा रॉबर्ट ब्रूस (मृत्यू १३०४), त्याचा मुलगा राजा रॉबर्ट (जन्म १२७४). म्हणजे राजा हा मार्शलचा खापरपणतू. मधल्या दोन पिढ्या एका बटणाने गडप होतात.

घोळ वाढवायला रिचर्ड द क्लेअर तीन आहेत. स्ट्राँगबो ११७६ मध्ये वारला. हर्टफर्डचा अर्ल रिचर्ड १२१७ मध्ये. ग्लॉस्टरचा अर्ल रिचर्ड १२६२ मध्ये, आणि हा शेवटचा तर मार्शलचा नातू, म्हणजे धाकट्या इझाबेलचा भाऊ. क्लेअर घराण्याच्या दोन शाखा होत्या आणि दोन्ही शाखांत मुलांची नावं रिचर्ड आणि गिल्बर्ट अशीच फिरत राहिली.

उपाय सोपा आहे, फक्त सावकाश करावा लागतो. प्रत्येक व्यक्तीचं वेगळं कार्ड करा आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: बाप, आई, जोडीदार (लग्नाच्या सालासह), कोणत्या जमिनीवर हक्क होता, मृत्यूचं साल. नाव या पाचात धरायचं नाही. यातल्या किमान तीन जुळल्याशिवाय दोन कार्डं एकत्र करू नका. त्यातही जास्त भरवसा जमिनीवर ठेवा. नावं पिढ्यानपिढ्या तीच ठेवली जायची, पण जहागीर मात्र वारसा, लग्न, देणगी किंवा जप्ती याशिवाय हलत नाही, आणि हललीच तर कागद मागे राहतो. लेन्स्टर मार्शलकडे आलं ते थोरल्या इझाबेलमुळे. ते जिच्या कार्डावर बसतं ती बायको.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक सवय लावून घ्या: कार्ड बापाच्या घराण्याच्या नावाने ठेवा आणि सगळे नवरे त्याखाली सालासह लिहा. मार्शलची मुलगी इझाबेल १२१७ मध्ये गिल्बर्ट द क्लेअरशी लग्न करते, १२३१ मध्ये राजाचा भाऊ कॉर्नवॉलचा रिचर्ड याच्याशी. नवऱ्याच्या नावाने कार्ड केलं की ही एक बाई दोन होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन बायका एक होतात.

राज्यवर्षाचा हिशेब डोळे झाकून करणं

त्या काळच्या सनदांवर इसवी सन क्वचित असतो. ‘आमच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी’ असं असतं. राजा जॉनचा राज्याभिषेक २७ मे ११९९ रोजी झाला, म्हणून लोक ११९९ मध्ये आकडा मिळवून मोकळे होतात. जॉनच्या बाबतीत ते चालत नाही. त्याचा राज्याभिषेक येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला झाला आणि त्याचं प्रत्येक राज्यवर्ष त्या सणापासून मोजलं गेलं. हा सण ईस्टरवर अवलंबून, म्हणून दर वर्षी सरकतो. पहिलं वर्ष २७ मे ११९९ ते १७ मे १२००. दुसरं १८ मे १२०० ते २ मे १२०१. तिसरं ३ मे १२०१ ते २२ मे १२०२.

आता ‘१० मे, राज्याचं तिसरं वर्ष’ अशी सनद समोर आली तर? तिसऱ्या वर्षात १० मे दोनदा येतो, १२०१ मध्ये आणि १२०२ मध्ये. उलट दुसऱ्या वर्षात १० मे येतच नाही. तशी तारीख कुणी दिली असेल तर वाचणाऱ्याने अंक चुकवला आहे किंवा नकलणाऱ्याने. दोनदा येणाऱ्या तारखांसाठी सनद कुठे दिली ते गाव पाहायचं आणि राजा त्या दिवशी कुठे होता त्याच्याशी ताडून घ्यायचं. जॉन सतत फिरत असे आणि त्याच्या दप्तरातून त्याचे मुक्काम बऱ्यापैकी लागतात. तिसऱ्या हेन्रीचं राज्यवर्ष मात्र ठरलेल्या तारखेला, २८ ऑक्टोबरला सुरू होतं, तिथे हा त्रास नाही.

मे महिन्यातली जॉनकालीन तारीख दिसली की थांबायचं आणि राज्यवर्षाचं कोष्टक उघडायचं. मनातल्या मनात बेरीज करणारे पुढे अख्खा प्रवासक्रम वर्षभराने सरकवतात.

११८९ पासूनच ‘पेम्ब्रोकचा अर्ल’ म्हणणं

लग्नाने त्याला स्ट्रिगुलची जहागीर मिळाली. म्हणजे आजचं चेपस्टो. पेम्ब्रोक तेव्हा राजाच्या ताब्यात होतं. कमरेला अर्लची तलवार बांधण्याचा विधी झाला तो २७ मे ११९९ रोजी, जॉनच्या राज्याभिषेकाच्याच दिवशी. आधीही काही जण त्याला अर्ल म्हणत, पण विधी झाला नव्हता. म्हणून ११८९ ते ११९९ या दहा वर्षांत ‘स्ट्रिगुलचा स्वामी’ लिहा. ‘मार्शल’ हे मुळात पदाचं नाव, आपल्याकडच्या चिटणीस-फडणीसांसारखं. ते पदही विल्यमकडे थोरला सख्खा भाऊ जॉन ११९४ मध्ये वारल्यावर आलं, जन्मतः नाही.

चरित्रकाव्याला पंचनामा समजणं

मार्शलबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे ते फ्रेंच भाषेतल्या १९ हजारांहून अधिक ओळींच्या एका चरित्रकाव्यामुळे. इंग्लंडच्या राजघराण्याबाहेरच्या आणि धर्मगुरू नसलेल्या त्या काळच्या दुसऱ्या कुणाचं असं चरित्र शिल्लक नाही. ते थोरल्या मुलाने, धाकट्या विल्यमने, बापाच्या मृत्यूनंतर पाच-सात वर्षांत लिहवून घेतलं. त्यात घरच्या माणसांच्या आठवणी आहेत आणि घरच्यांचा स्वार्थही आहे. काव्य अतिशय मोलाचं आहे, म्हणूनच ते नीट वापरलं पाहिजे.

सगळ्यांना आवडणारा प्रसंग ११५२ चा. राजा स्टीफनने न्यूबरीला वेढा घातला, लहानगा विल्यम ओलीस, आणि बाप म्हणतो की मुलाला मारा, याहून चांगली मुलं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी आहे. हे वाक्य फक्त या काव्यात आहे, आणि ते घटनेनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी लिहिलं गेलं. लिहायचं तर ‘काव्यात असं येतं’ इतके शब्द जोडा. धाकट्या राजाच्या (दुसऱ्या हेन्रीचा, बापाच्या हयातीतच मुकुट घातलेला मुलगा हेन्री) राणीशी, मार्गारेटशी, संबंध असल्याचा आळ मार्शलवर आला होता, हेही तिथूनच.

काही ठिकाणी काव्य उघड चुकतं. त्यात मार्शलने धाकटा राजा हेन्री याला ११७३ मध्ये नाइट केलं असं आहे. इतर इतिवृत्तांनुसार बापाने, दुसऱ्या हेन्रीनेच, ११७० मध्ये मुकुट घालण्याआधी त्याला नाइट केलं होतं. वयाचंही तसंच. १२१६ मध्ये मार्शल ऐंशीच्या पुढे होता असं काव्य सांगतं. तसं धरलं तर जन्म ११३६ च्या आधी जातो. पण त्याचे आईबाप, जॉन फिट्झगिल्बर्ट आणि सॅलिसबरीची सिबिल, यांचं लग्नच ११४० च्या दशकाच्या मध्यावर झालं, आणि विल्यम त्यांचा दुसरा मुलगा. बापाला पहिल्या बायकोपासून गिल्बर्ट आणि वॉल्टर ही दोन मुलं होती, त्यांना धरून तो चौथा. म्हणून जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. २० मे १२१७ च्या लिंकनच्या लढाईत तो सत्तरीचा होता, आणि सत्तरीतला माणूस चिलखत चढवून त्या अरुंद गल्ल्यांत शिरला एवढंच पुरेसं थोर आहे, त्यात दहा वर्षं वाढवू नका.

पद्धत म्हणून प्रत्येक प्रसंगासमोर समासात खूण करावी: फक्त काव्य, काव्य आणि इतर, फक्त इतर. पहिल्या खुणेचे प्रसंग ठामपणे लिहायचे नाहीत. पाचशे नाइट पकडल्याचा दावा याच रांगेत.

‘वंश बुडाला’ म्हणून लेख संपवणं

पाच मुलगे, पाच मुली. मुलगे एकामागून एक गेले: विल्यम १२३१, रिचर्ड १२३४ मध्ये किल्केनीला जखमांनी, गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये (नाइटांच्या खेळ-लढतीत), वॉल्टर नोव्हेंबर १२४५, अन्सेल्म त्याच डिसेंबरात. वैध वारस एकालाही नाही. ‘पाचही मुलगे अर्ल झाले’ असं सरसकट लिहू नका. अन्सेल्मला पदाचा विधी होण्याइतका वेळच मिळाला नाही. फर्न्सच्या बिशपच्या शापाने हे घडलं, ही इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिसने सांगितलेली गोष्ट आहे. ती सांगावी, पण कारण म्हणून नव्हे.

आणि वंश बुडाला नाही. पुरुषशाखा थांबली. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात मुलगे नसले की थोरली मुलगी सगळं घेत नसे, सर्व मुलींचे समान वाटे पडत, आणि मेलेल्या मुलीचा वाटा तिच्या मुलांकडे जाई. १२४७ च्या वाटणीत लेन्स्टरचे पाच तुकडे झाले. मटिल्डाकडे कार्लो, शिवाय चेपस्टो आणि मार्शलपद. इझाबेलच्या मुलाकडे किल्केनी. जोनच्या वारसांकडे वेक्सफर्ड, आणि तिची मुलगी विल्यम द व्हॅलन्सला दिली तेव्हा पेम्ब्रोकही तिकडे गेलं. सिबिलला सात मुली, म्हणून किल्डेअरचे आणखी सात भाग. इव्हाच्या मुलींकडे डनमेजचा किल्ला आणि लीश. इव्हाची मुलगी मॉड रॉजर मॉर्टिमरशी लग्न करते आणि त्या रेषेत पुढे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड येतो. मुलींची पाच नावं एका ओळीत टाकून लेख संपवणारे घराण्याचा अर्धा इतिहास टाकून देतात. वंशवृक्षात आधी मुली काढा, मुलगे नंतर. मुलग्यांच्या रेषा तशाही तिथेच थांबणार आहेत.

बारीक गोष्टी

मार्क म्हणजे पौंड नव्हे. एक मार्क १६० पेनी, एक पौंड २४०. गिफर्ड जहागिरीच्या अर्ध्या भागासाठी मार्शलने कबूल केलेले २,००० मार्क म्हणजे १,३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. आजच्या रुपयांत करू नका, त्या आकड्याला अर्थ नसतो.

‘पाच राजांची सेवा’ हे तेव्हाच बरोबर, जेव्हा बापाच्या हयातीतच मुकुट घातलेला आणि ११८३ मध्ये वारलेला धाकटा हेन्री मोजता. बाकी चार: दुसरा हेन्री, रिचर्ड, जॉन, तिसरा हेन्री.

मॅग्ना कार्टा १२१५ मध्येच कायम झाली असं समजू नका. पोपने ती रद्द केली. १२१६ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा १२१७ मध्ये ती नव्याने निघाली, तेव्हा बालराजाला स्वतःची मुद्रा नव्हती, म्हणून पोपच्या वकिलाबरोबर मार्शलची मुद्रा लागली.

मार्शलने राजा जॉनला ओलीस दिलेली मुलं दोन, विल्यम आणि रिचर्ड. सगळी पाच नव्हेत.

लंडनच्या टेंपल चर्चमधल्या दगडी मूर्तीचा फोटो टाकताना ‘परंपरेने विल्यम मार्शलची मानली जाणारी’ असंच लिहा. तो तिथे पुरला गेला हे पक्कं, कोणती मूर्ती त्याची हे तितकं पक्कं नाही, आणि १० मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्या मूर्तींची बरीच नासधूस झाली. त्यामुळे फोटोवरून चेहऱ्याचं वर्णन करू नका. जुनी रेखाटनं मिळाली तर ती वापरा, आणि खाली कोणत्या सालची ते द्या.