जुनी टू-सीटर सिग्नलला बंद पडतेय? पार्ट बदलत सुटायच्या आधी हे करून बघा

माझी गाडी नव्वदीतली टू-सीटर, कापडी टपाची, माझ्या आधी दोन मालक होऊन गेलेत. घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ती मुंबईत कलानगरच्या सिग्नलला इतक्यांदा बंद पडली की तिथला टिश्यू पेपर विकणारा पोरगा मला बघितलं की लांबूनच विचारायचा, "धक्का मारू का साहेब?" त्या सहा महिन्यांत मी फ्युएल पंप बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा) बाहेरून मागवून बसवला, आणि गाडी होती तशीच. शेवटी दोष निघाला एका रबरी पाइपात आणि तोही एका रविवारी बिल्डिंगखाली मलाच सापडला. माझे पैसे गेले ते गेले, तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

गॅरेजला जाऊन "मिसिंग मारते", "पिकअप घेत नाही" एवढंच सांगितलं की समोरचा प्लगपासून सुरुवात करणार, त्याचीही चूक नाही, त्याला तुम्ही दुसरं काही सांगितलंच नाहीये. म्हणून आधी डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा आणि गाडी खाकरली किंवा मेली की बाजूला लावल्यावर लगेच लिहा: इंजिन थंड होतं की गरम, कितव्या गिअरमध्ये, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती, पाऊस होता का, पाय एक्सिलरेटरवर होता की नुकताच काढला होता. आठ-दहा नोंदी झाल्या की पॅटर्न आपोआप दिसायला लागतो, आणि पॅटर्न दिसला की अर्धं काम झालंच समजा.

सगळ्यात फुकटातली टेस्ट म्हणजे आरपीएमचा काटा. गाडी चालता चालता मेली, अजून गिअरमध्येच आहे म्हणजे चाकं इंजिनला फिरवतायत, आणि तरी काटा खाडकन शून्यावर पडला तर समजा की इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतच नाहीये किंवा इग्निशनचा करंटच गेलाय, म्हणजे क्रँक सेन्सर, मेन रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), इग्निशन स्विच असल्या जागा. उलट गाडी झटके देत, खाकरत, काटा हळूहळू खाली येत मेली तर बहुतेक पेट्रोल पोचत नाहीये. आणि हो, चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते आणि पॉवर स्टिअरिंग दगड होतं, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच नीट दाबून बाजूला घ्या. गाडीचा भरवसा येईपर्यंत सी लिंक आणि कोस्टल रोडचा बोगदा टाळा, तिथे बाजूला घेऊन बोनेट उघडून बसायची सोय नाही.

आता पॅटर्न. गाडी सकाळी मस्त, तासभर ट्रॅफिकमध्ये शिजली की मेली, वीस मिनिटं बोनेट उघडं ठेवलं की काही झालंच नाही अशी चालू, हा जुन्या गाड्यांचा सगळ्यात ओळखीचा रोग आहे. यात संशयित तीन: क्रँक सेन्सर, पंपाचा रिले आणि पंप स्वतः. पण यांची टेस्ट गाडी मेलेली असतानाच करायची, थंड झाल्यावर तिघंही साळसूद. म्हणून डिकीत एक स्पार्क टेस्टर आणि मल्टिमीटर ठेवा, दोन्ही लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. गाडी मेली की आधी चावी फक्त ऑन करून मागे कान द्या, बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत दोन सेकंद पंपाचा गुंजल्यासारखा आवाज येतो. आवाज नाही तर आधी रिले. शेजारी तोच नंबर असलेला दुसरा रिले असेल, बऱ्याचदा हॉर्नचा असतो, तर तो काढून इथे लावून बघा. आवाज आहे, पण सेल्फ मारताना स्पार्क नाही आणि आरपीएमचा काटा हलतसुद्धा नाही, तर क्रँक सेन्सरकडे वळा. यातल्या बऱ्याच सेन्सरच्या आत नुसती तारेची कॉइल असते, गरम झाली की आतली तुटलेली तार सुटते आणि थंड झाली की पुन्हा चिकटते. गरम असताना सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, मॅन्युअलच्या आकड्यापासून फारच लांब गेला किंवा मीटर ओपन दाखवायला लागला की चोर सापडला. हॉल टाइपचा, म्हणजे आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला सेन्सर असेल तर मात्र ओहम मोजायच्या भानगडीत पडू नका, तो तसा कळत नाही, त्याला स्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो.

रिलेबद्दल अजून थोडं सांगतो, कारण लोक ते बघतच नाहीत. वीस-पंचवीस वर्षांच्या रिलेचं झाकण काढा, आतल्या प्लेटवर जिथे पिना सोल्डर केल्यात तिथे भिंग लावून बघा, पिनेभोवती केसासारखी गोल रेघ दिसली तर तो तुटलेला सोल्डर. गरम झालं की फाकतो, खड्ड्यात आपटलं की फाकतो, आणि आपल्याकडे खड्ड्यांची काय कमी. पुन्हा सोल्डर करायला पाच मिनिटं लागतात.

पंप तपासायचा तर नुसत्या आवाजावर जाऊ नका, प्रेशर गेज लावा. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) बहुतेक जुन्या गाड्यांत २.५ ते ३.५ बारच्या आसपास प्रेशर असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. के-जेट्रॉनिकवाल्या (बॉशचं जुनं मेकॅनिकल इंजेक्शन) गाड्यांचं गणित वेगळं, तिथे ५ बारच्या आसपास लागतं. पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची व्हॅक्युमची नळी काढा, प्रेशर साधारण अर्धा बार वर जायला हवं, आणि नळीतून पेट्रोलचा थेंब आला तर आतला पडदा फाटलाय, तेच पेट्रोल इंजिनमध्ये जाऊन गाडी रिच करतंय, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. दुसरं म्हणजे टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर फिरायची सवय असेल तर सोडा, मे महिन्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

फक्त आयडलिंगला मरते, म्हणजे सिग्नलला क्लच दाबला आणि काटा ८०० वरून ४०० वर आणि मग गप, पण चालताना काही तक्रार नाही, अशी गाडी तर मुंबईत घरटी एक सापडेल. एसीचा कॉम्प्रेसर लागला, रेडिएटरचा फॅन लागला, वर पार्किंगमध्ये स्टिअरिंग वळवलं, हा सगळा लोड एकदम येतो आणि तो सांभाळायला आयडल व्हॉल्व्ह असतो, त्यात काजळी जमली की तो वेळेवर उघडत नाही. काढा, क्लीनरने धुवा, एक्सिलरेटर दाबल्यावर हवेची वाट उघडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या पाकळीभोवतीची काळी रिंगही पुसा. थ्रॉटल वायरवर नसून इलेक्ट्रॉनिक असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर काही गाड्या थोडा वेळ विचित्र आयडल करतात, ईसीयू पुन्हा शिकतोय, लगेच घाबरून नवीन व्हॉल्व्ह ऑर्डर करू नका.

आता माझा रोग. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना एक हुंदका, कधी थेट बंद, आणि एकदा धावायला लागली की झकास. सहा महिने मी हेच सांगत फिरलो. मग एका रविवारी पार्किंगमध्ये गाडी मागेपुढे करताना लक्षात आलं की रिव्हर्समध्ये हा हुंदका कधीच येत नाही! पुढे जाताना इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. म्हणजे इंजिन हललं की काहीतरी उघडतंय. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये एक रबरी बेलो असतो, घड्याघड्यांचा, तो वरून नवा कोरा दिसत होता, काढून उलटा केला आणि घडी ताणली तर खालच्या बाजूला बोटभर चीर. सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत, ईसीयू पेट्रोल कमी टाकणार, गाडी लीन होऊन हुंदका देणार. बेलो बदलला आणि बसलेलं माउंटिंगपण बदललं, कारण इंजिन एवढं हलतंय म्हणून तर रबर फाटलं. म्हणून सांगतो, पुढे-मागे ही टेस्ट करा, खर्च शून्य.

हवा कुठून घेतेय ते शोधायला गॅरेजवाला स्मोक मशीन लावेल तर उत्तमच. घरी करायचं तर इंजिन थंड असताना, उघड्यावर, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून, कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा सांध्यांवर मारायचा, जिथे मारल्यावर आरपीएम बदलला तिथे लीक. एक्झॉस्ट गरम असेल तर हा प्रयोग अजिबात नको. गाडीला ओबीडी पोर्ट (स्कॅनर जोडून ईसीयूचे आकडे वाचायचा सॉकेट) असेल तर काम आणखी सोपं. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-टू सक्तीचं झालं आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, त्यामुळे इम्पोर्टेड असेल तर शोधा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त टाकतोय तो आकडा, आयडलला अधिक १५-२० आणि २५०० आरपीएमला अधिक तीन-चार असेल तर हवेचा लीक. आयडलला बरं आणि लोडवर अधिक होत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर खोटं बोलतोय. ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सर (आतल्या हवेचं प्रेशर मोजणारा) असतो तिथे मात्र लीक झाल्यावर गाडी मरण्यापेक्षा आयडल चढतं, हे लक्षात ठेवा.

एअर फ्लो सेन्सरवर संशय असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा कनेक्टर काढून चालवून बघता येतं, ईसीयू अंदाजाने पेट्रोल टाकतो, आणि गाडी उलट सुधारली तर सेन्सर घाण झालाय. धुवायचा तर त्याचाच क्लीनर वापरा, कार्ब क्लीनर नको. आणि ते तेल लावलेले कोनाच्या आकाराचे एअर फिल्टर, आवाज भारी येतो मान्य आहे, पण जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मग आपण कॉइलला दोष देत बसतो. मी तरी काढून टाकला.

पाय टाकल्यावर एका ठरावीक जागीच अडखळते, मग तिथून पुढे ठीक, असं असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर. चावी ऑन, इंजिन बंद, मीटर सिग्नलच्या तारेवर लावून पॅडल हळूहळू दाबा, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सरळ चढत गेलं पाहिजे. मध्येच उडी मारली तर तिथला ट्रॅक झिजलाय. यासाठी जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा चांगला, काटा थरथरताना डोळ्याला दिसतो.

बोरघाटात दम टाकते, पेडर रोडचा चढ कसाबसा चढते, बाकी ठीक, तर पेट्रोलचा फिल्टर आणि पंपाची जाळी आधी बघा. नंतर एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक आहे का ते व्हॅक्युम गेज लावून २५०० आरपीएमला बघा, काटा हळूहळू खाली घसरत गेला तर धूर बाहेर पडायला जागा मिळत नाहीये.

पावसाळ्यात मिसिंग सुरू झालं तर रात्री अंधारात बोनेट उघडून प्लगच्या वायरींवर स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, हात लांब ठेवा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. अर्थिंगही बघा. समुद्राच्या हवेने इंजिन आणि बॉडीमधली पट्टी आतून हिरवी पडते, वरून कळत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप दिसला तर पट्टी साफ करा नाहीतर बदला.

पेट्रोलचा विषय टाळता येत नाही. आता पंपावर ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई२० ला साधारण १३.५ ला १, म्हणजे पेट्रोल जास्त टाकावं लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर ईसीयू ते सांभाळून घेतो, पण सकाळी थंडीत त्याला काही कळत नाही आणि गाडी लीन होऊन अडखळते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं, महिनोन्महिने अर्ध्या टाकीने कव्हरखाली उभ्या गाडीत पाणी खाली बसतं. टाकीच्या तळातून थोडं काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. जुन्या रबरी फ्युएल पाइपांवरही इथेनॉलचा परिणाम होतो, इथेनॉलला चालणारे पाइप घालून घ्या, ही गळती आगीशी खेळ आहे.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी थोडक्यात. जुनी एमजी किंवा ट्रायम्फ असेल आणि एसयू कंपनीचे कार्ब असतील तर पाय टाकल्यावरचा हुंदका म्हणजे बऱ्याचदा वरच्या डॅम्परमध्ये तेलच नसतं, टोपी फिरवून काढा आणि तेल घाला. इतर कार्बमध्ये एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हलवा, पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे, नाही दिसली तर एक्सिलरेटर पंपाचा पडदा गेलाय. डेल्कोमधले (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंट आणि कंडेन्सरही बघा. आणि मे महिन्यात दुपारी गाडी मेली, पंप हाताला चटका देतोय, कार्बमध्ये पेट्रोल नाही, तर व्हेपर लॉक, म्हणजे लाइनमध्येच पेट्रोलची वाफ झालीय. त्याला पद्मिनी टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो, पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि मगच सेल्फ मारायचा.