सूत संपलं, रंग मळकट दिसतोय: हातमागावर बसण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

घरी टेबल लूमवर (टेबलावर ठेवायच्या छोट्या हातमागावर) विणणाऱ्यांची दोन रडगाणी ठरलेली असतात. एक म्हणजे, स्टोल संपायला वीतभर राहिला आणि सूत संपलं. दुसरं, चार रंग इतके हौसेनं निवडले आणि कापड मात्र पोतेऱ्यासारखं दिसतंय. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: रंग ठरवायचे एका दिवशी, मोजमाप करायचं दुसऱ्या दिवशी, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. पट्टा किती रुंद हे ठरल्याशिवाय कुठल्या रंगाचं सूत किती लागेल ते कळत नाही. आणि एका इंचात किती धागे बसतात हे कळल्याशिवाय पट्ट्याला काही अर्थ नाही.

कोनावरचा आकडा अर्धवट वाचणं

ठाण्याहून भिवंडी जवळ, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं सूत तिथूनच येतं. कोन (पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं सूत) स्वस्त मिळतो, पण त्यातलं बरंचसं सूत पॉवरलूमसाठी काढलेलं, एकेरी असतं. तिथे ताण्याला (मागावर लांबीत बांधलेल्या उभ्या धाग्यांना) आधी खळ चढवतात, म्हणून ते टिकतं. तेच सूत खळ न लावता घरच्या मागावर ताण्याला घेतलं की फणीच्या (ताण्याचे धागे ठरल्या अंतरावर ठेवणाऱ्या दातेरी चौकटीच्या) घासण्यानं फुसफुसतं आणि तुटतं. ताण्याला दुहेरी पिळाचं सूत घ्यावं, एकेरी सूत बाण्याला (आडव्या धाग्याला) खुशाल वापरावं.

आता आकडा. सुती धाग्याचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लड्या भरतात तो आकडा. आकडा मोठा तितका धागा बारीक. कोनावर २/१० लिहिलेलं असेल तर दहा काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेत, म्हणजे हिशेबाला काउंट पाच धरायचा. इथेच गफलत होते. दहा धरून लांबी काढली की ती दुप्पट येते आणि प्रत्यक्षात सूत निम्म्यावर संपतं. एक काउंटचं सूत ग्रॅमला साधारण १.७ मीटर भरतं. पाच काउंट म्हणजे साडेआठ मीटर. २/१० चं शंभर ग्रॅम सूत सुमारे ८४५ मीटर, एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. रेशमाचं गणित उलटं चालतं. डेनियर म्हणजे ९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे तिथे आकडा मोठा तितका धागा जाड. लोकरीच्या गुंड्यावरचं ‘४ प्लाय’ लांबीबद्दल काहीच सांगत नाही, त्यावर विसंबू नका.

लेबल नसलेल्या कोनाचा काउंट घरी काढता येतो. दहा मीटर धागा मोजून कापा आणि पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोला. दहाला त्या ग्रॅमनं भागा, आलेल्या आकड्याला १.७ नं भागा, तो काउंट. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पटीत बोलतो, तो इथे चालत नाही. कोनातलं उरलेलं सूत तोलताना आतल्या पुठ्ठ्याचं वजन वजा करायला बरेच जण विसरतात. एक रिकामा पुठ्ठा जपून ठेवावा. जुलैमध्ये, तेही ऐरोली-कोपरखैरण्याच्या खाडीकाठच्या घरात तोलत असाल, तर थोडं जास्तच सूत धरा. कापूस हवेतलं पाणी ओढतो. प्रमाण हवामानात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतात, पावसाळ्यात तो याहून बराच वर जातो. त्याच वजनात लांबी कमी भरते.

फणीच्या नंबराला ‘इंचाला तितकी घरं’ समजणं

आपल्याकडे फणीचा नंबर स्टॉकपोर्ट पद्धतीनं सांगतात, म्हणजे दोन इंचांत किती घरं (दातांमधल्या फटी). २४ नंबरची फणी मागितलीत तर इंचाला १२ घरं मिळतील. इंचाला २४ धागे हवे असतील तर एकतर ४८ नंबर घेऊन घरात एकेक धागा भरा, नाहीतर २४ नंबर घेऊन दोन-दोन. परदेशी व्हिडिओ बघून ऑर्डर देणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. फणी घरी आली की पट्टी लावून मोजा, वाद नको.

तयार कापडाच्या मापावरूनच सूत घेणं

समजा २/१० चा स्टोल करायचा आहे. तयार माप २० इंच रुंद, १.८ मीटर लांब, दशा (टोकांचे मोकळे धागे) वेगळ्या. साध्या विणीत इंचाला ताण्याचे २४ धागे, बाण्याचे २०.

कापड धुतल्यावर आटतं. विणताना ताणा वर-खाली होत जातो म्हणून आखडतो, ते वेगळं. दोन्हींना दहा-दहा टक्के धरले तर १.८ ला ०.९ ने भागा: मागावरून उतरलेलं कापड २ मीटर हवं. पुन्हा ०.९ ने भागा: ताणा सुमारे २.२ मीटर. (दहा टक्के ‘वाढवणं’ आणि ०.९ ने भागणं एक नव्हे. भागाकार थोडा जास्त देतो आणि तोच बरोबर आहे.) यात मागावर वाया जाणारा भाग मिळवा. पुढे गाठी मारायला आणि मागे फणीपर्यंत न पोचणारं टोक, असं टेबल लूमवर ७० सेंटिमीटर धरायला हरकत नाही. तुमचा माग किती खातो ते एकदा मोजून मागावरच चिकटवून ठेवा. दशा याच वाया जाणाऱ्या भागातून निघतात. बेरीज २.९, धरूया ३ मीटर.

रुंदीला आटणं-आखडणं मिळून दहा टक्के धरूया: २० भागिले ०.९, म्हणजे फणीत २२ इंच. गुणिले २४, ताण्याचे ५२८ धागे. ५२८ गुणिले ३ मीटर म्हणजे १५८४ मीटर, वजनात १८७ ग्रॅम. बाण्याचे दोन मीटरमध्ये साधारण १५७५ फेरे, प्रत्येक फेरा ६० सेंटिमीटर, एकूण ९४५ मीटर, म्हणजे ११२ ग्रॅम. मिळून तीनशे ग्रॅम.

एकाच ताण्यावर दोन स्टोल काढले तर ते ७० सेंटिमीटर एकदाच वाया जातात, प्रत्येक स्टोलला वेगळे नाही. ५२८ धाग्यांवर ही बचत ३७० मीटरची, चव्वेचाळीस ग्रॅमची आहे. एकेक स्टोलसाठी ताणा लावणं हा घरच्या मागावरचा सगळ्यात महाग शौक, असं माझं मत आहे.

दोन रंग आहेत म्हणून सूत निम्मं-निम्मं घेणं

याच स्टोलला निळे-पांढरे इंच-इंचाचे पट्टे हवेत. २४ निळे, २४ पांढरे, एक आवर्तन ४८ धाग्यांचं. ५२८ भागिले ४८ बरोबर ११. भागाकार नेमका बसला म्हणून खूश होऊन ताणा लावला की कापडाची एक कड निळी आणि दुसरी पांढरी येते. दोन्ही कडा निळ्या हव्या असतील तर एक निळा पट्टा वाढवा: ५५२ धागे, फणीत २३ इंच. रुंदी चालत नसेल तर पांढरा एक कमी करा, ५०४ धागे. आवर्तनानं धागे मोजताना शेवटच्या पट्ट्याकडे बघायचंच राहतं.

५५२ धागे घेतले तर निळे २८८, पांढरे २६४. ताण्यात निळा १०२ ग्रॅम, पांढरा ९४. आता बाणा निळा ठरला, तर रुंदी वाढल्यामुळे त्याला आणखी ११५ ग्रॅम निळा लागेल. म्हणजे निळा जवळजवळ २२० आणि पांढरा ९५. ‘दोनच रंग, दीडशे-दीडशे घेऊ’ म्हणणाऱ्याची एकूण बेरीज फारशी चुकत नाही, निळा मात्र सत्तर ग्रॅमनं कमी पडतो आणि पांढरा वर्षभर कपाटात लोळतो. रंगवार तक्ता करा, त्यावर दहा टक्के जास्त धरा, आणि ते सगळं एकाच लॉटचं (एकाच वेळी रंगवलेलं) घ्या. लेबलाचा फोटो काढून ठेवा.

रंग कोनावर बघून ठरवणं

साध्या विणीत ताणा आणि बाणा जवळजवळ समसमान दिसतात. तरीही ताण्याचे रंग आठवडाभर निवडायचे आणि बाण्याला ‘आहे तो पांढरा’ भरायचा, असं सर्रास चालतं. पांढरा बाणा सगळ्या रंगांत दूध ओततो. तोच ताणा गडद निळ्यावर किंवा काळ्यावर विणला की रंग खोल आणि उठावदार दिसतात. बाणा बदलला की कापड बदललं, इतका त्याचा वाटा आहे.

मळकटपणाचं कारणही यातच आहे. लाल ताण्यावर हिरवा बाणा चालवला की हातभर अंतरावरून डोळा दोन्ही रंगांची सरमिसळ करतो आणि तपकिरी बघतो. लाल-हिरवं एकत्र हवंच असेल तर रुंद पट्टे किंवा चौकटी करा आणि बाणा दोघांपैकी एकाच्या जवळचा घ्या. एकाआड एक धागा लाल-हिरवा लावू नका. पैठणीचा मोरकंठी रंग बघून सुतात तसा प्रयोग करणारे बरेच भेटतात. तिथे एक रंग ताण्याला आणि दुसरा बाण्याला असतो हे खरं, पण झळाळी येते ती रेशमाच्या अखंड गुळगुळीत तंतूमुळे. पदर हलला की प्रकाश कधी ताण्यावरून, कधी बाण्यावरून परततो. सुताच्या लवेवर प्रकाश विखुरतो, त्यामुळे हाती लागतो एक शांत राखट-निळा. तो वाईट नाही, फक्त मोरकंठी नाही.

शेजारचा रंगही खेळ करतो. पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्री (विणलेली चित्रं) बनवणाऱ्या कारखान्यात रंगकामाची जबाबदारी असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा रंग फिका उतरतो. तपासल्यावर काळ्यात दोष नव्हताच. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी तो फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्यानं हे सविस्तर मांडलं. म्हणून कोन एकेकटे बघून उपयोग नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर पट्ट्यांच्या खऱ्या प्रमाणात धागे शेजारी-शेजारी गुंडाळा आणि खिडकीशी नेऊन बघा. दुकानाच्या एलईडीखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागू शकतात. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात दोन रंग एकच राखाडी दिसत असतील तर तुमची नक्षी लांबून दिसणार नाही, रंग कितीही वेगळे असोत.

पण पुठ्ठा फक्त ताणा दाखवतो. खरी परीक्षा मागावरच. ताण्यात फूटभर जास्त धरा आणि सुरुवातीला तीन-चार बाण्यांचे दोन-दोन इंच विणून बघा. वर्षातून अधूनमधून बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हातमागाची प्रदर्शनं लागतात; तिथे साडीची कड उलटून भिंगातून ताणा कुठला आणि बाणा कुठला ते बघा. विक्रेते सहसा हौसेनं दाखवतात.

ताणा मोजताना

ताण्याच्या फ्रेमवर आधी ठरल्या लांबीची वेगळ्या रंगाची दोरी खुंट्यांवरून फिरवा आणि तोच मार्ग धरा. धागा फार ओढलात तर खुंट्या आत वाकतात; एकावर एक चढवलात तर नंतरचे धागे लांब होतात आणि मागावर सैल लोंबतात. जाऊन येणं म्हणजे दोन धागे, एक नव्हे. दर २४ धाग्यांनंतर रंगीत दोऱ्याची खूण घाला, म्हणजे मध्ये दाराची बेल वाजली तरी मोज चुकत नाही. कोनात गाठ निघाली तर मागे जाऊन टोकाच्या खुंटीपाशी जोड घ्या. ताण्याच्या मध्यात गाठ ठेवली की ती फणीत अडकणारच.

घोळ झालाच तर

पट्ट्यात एखादा धागा कमी निघाला तर नवा धागा फणीतून ओवून मागच्या बाजूला पाण्याच्या छोट्या बाटलीच्या वजनानं लोंबता ठेवा. अख्खा ताणा सोडायची गरज नाही.

बाणा पुरणार नाही अशी शंका आली तर थांबून उरलेलं सूत तोला. अर्ध्याच्या आत कळलं तर दुसरा रंग आणून दोन्ही टोकांना सारखे पट्टे बसवता येतात. मुद्दाम केल्यासारखं दिसतं. उशिरा कळलं तर स्टोल आखूड करून दशा लांब ठेवा. तोच रंग वेगळ्या लॉटचा मिळाला तर थेट जोडू नका. दोन धोटे (बाण्याचा धागा आरपार नेणारी साधनं) घेऊन दोन फेरे जुन्याचे, दोन नव्याचे असं चार-पाच इंच चालवा, मग पूर्ण नव्यावर जा. फरक राहतो, पण रेघ दिसत नाही.

लाल, किरमिजी, गडद निळा यांचा रंग जातो का ते विणण्याआधीच बघा. हातभर धागा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. डाग पडला तर कोनावरचं सूत लडीत काढा, चार ठिकाणी सैल बांधा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यानं सुताचा सुटणारा रंग पक्का होत नाही. धुऊनही पाणी रंगीतच येत असेल तर ते सूत पांढऱ्याच्या शेजारी लावू नका, काळ्या-तपकिरीबरोबर वापरा.