केनियातल्या गावठी दारूवर संशोधन करताय? या चुका टाळा

पश्चिम केनियातल्या गुत्त्यात बसलेल्या माणसाला विचारा, "तुम्ही मद्य घेता का?" तो "नाही" म्हणतो, आणि पुढ्यात बुसाचा डबा असतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी मद्य म्हणजे बाटलीतली बीअर. बुसा म्हणजे मक्याचं आंबवलेलं पीठ भाजून त्यात मोड आणलेली नाचणी घालून केलेलं, अर्धं पेय आणि अर्धं जेवण. त्यामुळे प्रश्नावलीत एकच "मद्य" असा रकाना ठेवलात तर आकडे पहिल्याच दिवशी फसतात. एकेक नाव घेऊन विचारा: बुसा घेतलीत का, चांगा घेतलीत का (ही गाळलेली, आपल्या हातभट्टीची बहीण), किकुयू समाजाच्या भागात मुरातिना (मध किंवा उसाचा रस आंबवून केलेली), किनारपट्टीवर म्नाझी. म्नाझी म्हणजे नारळाची माडीच. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण सगळ्यात महाग पडणारी चूक आहे मापाची.

केनियात चांगा विकणाऱ्या बाईला "मामा पिमा" म्हणतात. आपल्या कानाला यात मामा ऐकू येतो, पण स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि पिमा म्हणजे मापणं. नावातच माप, आणि नेमकं तेच कुठे सारखं नसतं. एकीकडे काचेचा ग्लास, दुसरीकडे तुपाचा रिकामा डबा, तिसरीकडे प्लास्टिकचा कप. "किती ग्लास?" या प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण त्यातून काही कळत नाही. त्यात दोघंतिघं एकाच डब्यातून पीत असतील तर विचारायलाच नको.

पश्चिम केनियातल्या एल्डोरेट शहराच्या परिसरात झालेल्या आणि 2010 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात या गुंत्यावर साधी वाट काढली होती: किती प्यायलात यापेक्षा किती शिलिंगची प्यायलात ते विचारा. पैसे माणसाला आठवतात, मिलिलिटर आठवत नाहीत. त्या अभ्यासातल्या नमुन्यांत चांगाचं सरासरी अल्कोहोल 34 टक्के निघालं, बुसाचं 4 टक्के. आता हिशोब करा. अर्धा लिटर बुसा म्हणजे 20 मिली शुद्ध अल्कोहोल, 0.789 ने (अल्कोहोलच्या घनतेने) गुणलं की सुमारे 16 ग्रॅम. पाव लिटर चांगा म्हणजे 85 मिली, सुमारे 67 ग्रॅम. दोन्हींना "एक ग्लास" लिहून मोकळे झालात तर चौपटीची चूक.

सरासरीवरही फार विसंबू नका. चांगामध्ये चढउतार मोठा असतो. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यातला फरक महाराष्ट्रात कुणाला समजावावा लागत नाही, तिथेही तोच. भाव गावागणिक बदलतो. म्हणून प्रत्येक गुत्त्यावर चालू भावात स्वतः एक माप विकत घ्या, मोजनळीत ओता, मिली आणि शिलिंग दोन्ही लिहा. जास्त पैसे देऊ नका, दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी वेगळाच माल येतो. आणि "दुसऱ्यानं पाजलेली किती?" हे विचारायला विसरू नका. खिशातून गेलेले पैसे आणि पोटात गेलेली दारू यांचा मेळ बसतोच असं नाही.

नमुन्याबद्दल: मी पहिल्यांदा बुसाच्या बाटलीला घट्ट बूच मारून ती गाडीत ठेवली. दुपारी बूच उडालं, मागच्या सीटवर सडा पडला आणि परतीचा सगळा रस्ता आंबट वासात गेला. आंबवण तुमच्या सोयीसाठी थांबत नाही. बर्फाची पेटी न्या आणि नमुना घेतल्याची वेळ लिहा. सकाळची गोड म्नाझी संध्याकाळी वेगळं पेय झालेलं असतं. बुसात थेट हायड्रोमीटर (घनतेवरून अल्कोहोल मोजणारं उपकरण) बुडवणं व्यर्थ: पिठाचा गाळ आणि उरलेली साखर घनता वाढवतात आणि अल्कोहोल कमी दिसतं. आधी ऊर्ध्वपातन, मग मोजणी. चांगा थेट मोजता येते, पण ती थंड करून. 20 अंश तापमानासाठी बनवलेलं उपकरण गरम द्रवात जास्त आकडा दाखवतं.

"गावठी म्हणजे विषारी" हे गृहीत धरून अहवाल लिहिणारे खूप. धान्य किंवा गूळ आंबवून गाळलेल्या दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, जेमतेम असतं. माणसं घाऊक मरतात ती कुणीतरी औद्योगिक मिथेनॉल आत ओतल्यावर. नोव्हेंबर 2000 मध्ये नैरोबीच्या मुकुरू क्वा न्जेंगा वस्तीत 130 हून अधिक माणसं गेली. त्या दारूला "कुमी कुमी" म्हणत, कुमी म्हणजे दहा, दहा शिलिंगची म्हणून. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये जे दारूकांड झालं ते याच जातीचं. त्याच वर्षी जुलैत केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांनी जी धडक मोहीम उघडली तिचा मुख्य रोख स्वस्त बाटलीबंद दारूवर होता. तेव्हा घरी आंबवलेली, घरी गाळलेली, भेसळीची, बनावट बाटलीतली आणि सीमेपलीकडून आलेली यांचे रकाने वेगळे ठेवा. काडी लावून निळी ज्योत बघण्याची "चाचणी" तर सोडूनच द्या. इथेनॉलही, म्हणजे पिण्याचं अल्कोहोलही, निळंच जळतं.

कायद्याबद्दल "चांगावर बंदी आहे" असं सरसकट लिहू नका. 1980 चा बंदी कायदा 2010 च्या मद्य नियंत्रण कायद्याने रद्द झाला. परवाना घेऊन, ठरलेल्या दर्जाची काढता येते. मात्र वस्तीत जी मिळते ती बहुतेक विनापरवानाच.

यातूनच शेवटची, आणि दुसऱ्यांना भोवणारी चूक. नैतिक समितीची मान्यता आणि राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा, म्हणजे नाकोस्टीचा, संशोधन परवाना तर लागतोच. पण तो हातात घेऊन थेट तिथल्या चीफला, म्हणजे स्थानिक सरकारी अधिकाऱ्याला, बरोबर घेऊन गुत्त्यावर जाऊ नका. त्याला रीतसर कळवा, पण वाट दाखवायला आरोग्यसेविका घ्या. चीफ ज्या दारात उभा राहतो तिथे पुढे धाड पडते असा बायकांचा अनुभव असतो, आणि त्या काही चुकीच्या नसतात. ही दारू गाळणाऱ्यांत मुलांची फी भरण्यासाठी भट्टी लावणाऱ्या कितीतरी बायका असतात. त्यांचं नाव, फोन नंबर, घराचे अक्षांश-रेखांश काहीच नोंदवू नका. टॅबलेटवर प्रश्नावली भरत असाल तर स्थान आपोआप साठवणारी सोय घरूनच बंद करून निघा. ती चालूच आहे हे अनेकदा परत आल्यावर लक्षात येतं.