घरातल्या टाकाऊ सामानातून पाडव्याची गुढी आणि चैत्रगौरीचा झोपाळा

पाडव्याच्या आठवडाभर आधीपासून बाजारात वीतभर उंचीच्या तयार गुढ्या दिसू लागतात. त्या सुबक असतात, पण आणून टेबलावर ठेवल्या की मुलांना करण्यासारखं काही उरत नाही. गुढीत मात्र मुलांच्या हातांना भरपूर काम आहे. काठी, वस्त्र, गडू, गाठी, डहाळी असा एकेक भाग निराळा करायचा आणि शेवटी एकत्र बांधायचा. सामान बहुतेक रद्दीत, कपाटाच्या खालच्या खणात आणि स्वयंपाकघराच्या कचऱ्यातच सापडतं.

गोळा करून ठेवा: जुनी वर्तमानपत्रं, वापरलेल्या वह्यांचे कोरे कागद, लग्नपत्रिका (त्यांचा सोनेरी कागद विकतच्या कागदापेक्षा देखणा असतो), शिंप्याकडच्या खणाच्या किंवा ब्लाउजपीसच्या चिंध्या, चहाचा कागदी कप, चॉकलेटची चांदी, बाटल्यांची झाकणं, नारळाची करवंटी आणि बुटांचं खोकं. लगदा आणि काठी वाळायला वेळ लागतो, म्हणून पाडव्याच्या 3-4 दिवस आधी बसा.

आधी खळ

विकतच्या गोंदापेक्षा घरची खळ लहान मुलांना बरी. 2 मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. दीड वाटी पाणी उकळून त्यात तो ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण दाट आणि तकतकीत झालं की उतरवा. टिकावी म्हणून चिमूटभर तुरटीची पूड चालेल. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी असतो. मुलांच्या कामात तो नकोच.

काठी

वर्तमानपत्राचं एक पान घ्या. एका कोपऱ्यापासून तिरकं, विणकामाच्या सुईभोवती घट्ट गुंडाळत न्या आणि शेवटचं टोक खळीने चिकटवा. सुई ओढून काढा. त्यावर दुसरं पान तसंच गुंडाळा, कारण एका पानाची काठी वस्त्राच्या भाराने वाकते. बाहेरून खळीचा पातळ हात फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. मग दोन्ही टोकं कापून साधारण 1 फुटाची काठी ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे गुंडाळणं सैल जमतं. तुम्ही एक टोक दाबून धरा, दुसरं त्यांना फिरवू द्या.

गाठी

मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच, कारण खरी गाठी जशी होते तशीच ही करता येते. हलवाई साच्यात दोरा घालून साखरेचा पाक ओततात. पाक थिजला की सगळ्या चकत्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या निघतात. आपण पाकाऐवजी कागदाचा लगदा घेऊ आणि साचा म्हणून बाटल्यांची झाकणं.

वहीचे कोरे कागद बारीक फाडा. वर्तमानपत्राचा लगदा शाईने करडा होतो, म्हणून इथे तो नको. फाडायचं काम सगळ्यात धाकट्याला द्या. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी हातानेच कुसकरा, कापडात घालून पिळा आणि दोन-तीन चमचे खळ मिसळून मळा. झाकणांना आतून तेलाचं बोट लावा आणि दोन बोटांचं अंतर ठेवून ती रांगेत मांडा. प्रत्येकात काठोकाठ लगदा दाबा, सगळ्यांवरून एकच जाड दोरा आडवा टाका आणि वरून लगद्याचा आणखी एक थर थापा. वरच्या बाजूला काडीने फुलाच्या पाकळ्या कोरता येतात. फाल्गुनातल्या उन्हात दोनेक दिवसांत गाठी खडखडीत वाळते. मग झाकणं अलगद सोडवा. थोडी गाठी पिवळी हवी असेल तर लगद्यातच हळद मळा.

ही गाठी हुबेहूब दिसते, त्यामुळे घरात अगदी लहान मूल असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. खायला साखरेची गाठी वेगळी आणाच, तिच्यावाचून पाडवा कसला!

गडू, वस्त्र आणि बैठक

कागदी कपावर चॉकलेटची चांदी खळीने चिकटवा, नखाने सुरकुत्या बसवा आणि उलट्या कपावर कुंकवाने स्वस्तिक काढायला मुलांना सांगा. वस्त्रासाठी वीतभर रुंदीची खणाची चिंधी पुरते. तिच्या निऱ्या घालायला मुलांना शिकवा, पहिल्यांदा वाकड्या पडल्या तरी चालतील. काठ नसेल तर लग्नपत्रिकेची सोनेरी पट्टी लावा. निऱ्या काठीच्या टोकाला दोऱ्याने बांधा, त्यावर गाठी अडकवा आणि मग गडू उपडा घाला.

बैठकीला करवंटीत ओली माती दाबून भरा आणि काठी रोवा. करवंटी डुगडुगते, म्हणून खाली चिंधी पिळून केलेली चुंबळ ठेवा.

कडुलिंबाची डहाळी आणि झेंडू मात्र खरेच लावा. कागदाची पानं कापण्यापेक्षा मुलांना घेऊन कडुलिंबाच्या झाडाखाली जा. या दिवसांत त्याला कोवळी तांबूस पालवी फुटलेली असते. एक पान चावून बघायला सांगा.

सूर्यास्ताआधी मोठ्या गुढीबरोबर ही गुढीही उतरवा. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून धान्याच्या डब्यात ठेवा, तिथे तो किडीला दूर ठेवतो. चिंधी आणि गाठी मात्र जपून ठेवा, कारण दोन दिवसांनी त्या लागणार आहेत.

चैत्रगौरीचा झोपाळा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभराची ही आरास बुटांच्या खोक्यात छान होते. खोकं उभं करून उघडी बाजू पुढे घ्या. आत लग्नपत्रिकांचे कागद चिकटवा, वर कमानीला गाठी आणि खणाची झालर लावा. पुढे काड्यापेट्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या पायऱ्या करा.

झोपाळ्याच्या पाटासाठी जाड पुठ्ठ्याचे तीन थर एकमेकांवर चिकटवा. बहुतेक घरांत गौर म्हणून पितळेची अन्नपूर्णा बसवतात आणि ती वजनाला चांगलीच असते. म्हणून दोरा पाटाच्या भोकांत नुसता गाठवू नका, पाटाखालून आरपार घेऊन दुसऱ्या बाजूने वर काढा. छताला भोकं पाडाल तिथे वरून एक पेन्सिल आडवी ठेवा आणि दोरे तिला बांधा, म्हणजे पुठ्ठा फाटत नाही. कात्री आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही, कटर मात्र मोठ्यांनीच चालवावा.

हळदीकुंकवाच्या दिवशी निरांजन आणि उदबत्ती या आराशीपासून हातभर लांब, वेगळ्या पाटावर ठेवा. आत सगळा कागद आणि कापड आहे.